येऊ दे

१

गाडी मागे घ्यायची असली की डॉरीन स्टिअरिंगवर बसायची आणि रे मागे जाऊन उभा राहायचा. बाकीच्या जोडप्यांत उलटं असे. नवरा चालवी, बायको मागे उभी राहून हात हलवी, मग नवरा खिडकीतून डोकं काढून ओरडे, बायको चिडून हात खाली टाके, आणि आजूबाजूचे लोक खुर्च्यांवर बसून फुकटचा तमाशा बघत. या दोघांच्या बाबतीत तसं कधी झालं नाही. रेची मान आखडलेली, त्याला धड आरशात बघता येत नसे. म्हणून पहिल्याच हिवाळ्यात त्याने किल्ल्या तिच्या हातात दिल्या. दोन्ही हात छातीपाशी, बोटं स्वतःकडे वळवलेली: येऊ दे, येऊ दे. एक हात लांब केला की त्या बाजूला. आणि डोक्यावरची, बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंग खेळाच्या क्लबची टोपी काढली की बास.

नियम एकच होता. “आरशात मी दिसेनासा झालो की जागच्या जागी थांबायचं. आणि मी दिसतोय तोवर दुसरीकडे बघायचं नाही. समोर तर नाहीच. समोर मी नाहीये.”

आपल्या गावी, मूस जॉमध्ये, बर्फ पडायला लागला की ही दोघं आपलं चाकांवरचं घर घेऊन दक्षिणेला निघायची आणि वसंतात परत यायची. रे त्या गाडीला म्हातारी म्हणायचा. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये तो इस्पितळात गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून म्हातारी लेकीच्या दारात उभी होती आणि डॉरीन घरात बसून होती. ती रडली नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, बोटाने चाचपून बघावा लागतो, तसं तिला सगळ्या अंगाचंच झालं होतं.

या जानेवारीत तिने एकदम ठरवलं, जायचं. लेक कोरीन दारात पोटावर हात ठेवून उभी होती. एप्रिलमध्ये तिला बाळ होणार होतं.

“आई, एकटी गाडी कशी लावशील तिथे?”

“तारसने शिकवलंय की.” तारस म्हणजे जावई. त्याने तिला चर्चच्या रिकाम्या आवारात दोन रविवार फिरवलं होतं. त्याला स्वतःला गाडी मागे घ्यायला रेने शिकवलेलं, टोपीसकट.

“बाळाच्या आधी परत येशील ना? नक्की सांग.”

“येईन.”

हे म्हणताना आत काहीतरी हलायला हवं होतं. डॉरीनने वाट पाहिली. काही हललं नाही. रेची टोपी डोक्यावर चढवून तिने गाडी सुरू केली.

२

दर हिवाळ्यात भेटणारी जुनी मंडळी ॲरिझोनात नेहमीच्याच माळावर होती. युमा मागे पडलं की मोठा रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागायचं, आणि मग वाटेवरच्या झुडपांना अडकवलेल्या कागदी थाळ्या बघत जायचं. ज्याने त्याने आपापल्या माणसांसाठी थाळीवर नाव लिहून बाण काढलेला असतो. एका थाळीवर मर्नाचं गोल अक्षर होतं: ग्लेन-मर्ना, ऑर्विल, डॉरीन-रे.

सवयीने लिहिलं असेल, डॉरीनला वाटलं. इतकी वर्षं दोन्ही नावं एका दमात लिहिणाऱ्या हाताला कोण काय सांगणार.

जागा तिला डोळे मिटून सापडली असती. समोर वाट, मागे कोरड्या ओढ्याची घळ, आणि मधे प्रत्येकाने आपापल्या गाडीपुरती मांडलेली दगडांची चौकट. गाडीचं तोंड वाटेकडे ठेवायचं, म्हणजे उलटीच आत घालायची. मागचा कॅमेरा कधीच मेला होता. डॉरीनने रिव्हर्स टाकला. गाडी टिंग टिंग करायला लागली.

डाव्या आरशात कुणीतरी उभं होतं. रस्त्यावर काम करणाऱ्यांचं असतं तसं चकाकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट, रुंद काठाची हॅट, काठाखाली अंधार. दोन्ही हात छातीपाशी. येऊ दे, येऊ दे.

ऑर्विल असणार. तिला हायसं वाटलं. खांदे सैल पडले, हात आपोआप वळायला लागले. पुढे काय आहे, बाजूला काय आहे, काही बघायची गरज नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला काय करायचं ते सांगत होतं. ती येत राहिली. मागचं चाक कशावरून तरी धडपडून पलीकडे उतरलं तेव्हा ती भानावर आली आणि तिने ब्रेक दाबला. चाक दगडांच्या रांगेवरून गेलं होतं.

आरशातले हात थांबले नव्हते. तिने इंजिन बंद केलं, तरी हात चालूच. हँडब्रेक ओढायला तिने मान खाली घातली आणि वर पाहिलं, तर आरशात नुसता माळ.

खाली उतरली तेव्हा तिघंही दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत खुर्च्यांवर बसले होते. ग्लेन आणि मर्ना हे मिनेसोटाचं जोडपं, शेती विकून मोकळं झालेलं. ऑर्विल शाळेत विज्ञान शिकवायचा. बायको गेल्यापासून एकटाच. तिघांच्या हातात कप, कपांत अर्ध्यावर आलेली वाइन.

“वा, एका दमात लावलीस,” ग्लेन म्हणाला. “रे असता तर एवढ्यात दोनदा टोपी काढली असती.”

“मागे कोण होतं?”

“कुठे मागे?”

“नारिंगी जाकीट. मला वाटलं, ऑर्विल.”

ऑर्विलने विजारीचा पाय वर करून गुडघ्यावरची शिवण दाखवली. “हा गुडघा घेऊन मी तुझ्या मागे उभा राहू? कप भरायला उठायचं तरी मी आधी अर्ज करतो.”

मर्ना हसली नाही. तिने डॉरीनला मिठी मारली, पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, “नीट लागली ना गाडी? मग झालं. खुर्ची आण तुझी.”

शेजारपाजारचं कुणीतरी असेल, असं डॉरीन स्वतःला समजावत होती. खुर्ची काढताना तिचं लक्ष गेलं. दगडांच्या रांगेबाहेर फक्त तिचंच चाक नव्हतं. ग्लेनची गाडी अख्खी चौकटीच्या मागे उभी होती. ऑर्विलची त्याहून मागे. पुढे रिकाम्या चौकटी पडल्या होत्या, आणि त्यांत झुडपं उगवली होती.

“जागा बदललीत?”

“छे गं,” मर्ना म्हणाली. “तीच तर आहे.”

३

चार वाजता जमायचं, आपली खुर्ची आणि आपला कप घेऊन, हा इथला रिवाज. मर्नाने वाटलेल्या घेवड्याचं भांडं आणि मक्याचे कुरकुरीत तुकडे मधे ठेवले. डॉरीनने घरून आणलेला बेरीचा जॅम दिला. ग्लेनने तो चमच्याने तसाच खाल्ला.

“बशीत घे की,” मर्ना म्हणाली.

“बशी कोण धुणार?”

“जसा काही तू धुतोस.”

“म्हणून तर तुझे कष्ट वाचवतोय.”

वर्षानुवर्षं ऐकलेलं बोलणं. तरी डॉरीनला ते दुसऱ्या खोलीत लावलेल्या रेडिओसारखं ऐकू येत होतं. रेचं नाव कुणी काढलं नाही. तिला त्याचं काही वाटलंही नाही. ऑर्विलने सहज सांगितलं की गेल्या उन्हाळ्यात तो उत्तरेला गेलाच नाही, इथेच राहिला.

“उन्हाळ्यात? इथे?” उन्हाळ्यात या माळावर पालसुद्धा दगडाखालून निघत नाही.

“राहिलो खरा,” ऑर्विल म्हणाला, आणि आपण असं का केलं हे आठवत असल्यासारखा कपात बघत बसला.

ऊन तिरपं झालं. पूर्वी या वेळेला सगळे खुर्च्या वळवून घळीकडे तोंड करून बसत. सूर्य पलीकडच्या डोंगराआड गेला की टाळ्या वाजवत, नाटकाचा पडदा पडल्यासारख्या. डॉरीनने खुर्ची वळवायला म्हणून हात घातला, तर मर्नाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

“असू दे. असंच बसतो आम्ही.”

तिघं सूर्याकडे पाठ करून बसले होते. आपापल्या सावल्या वाटेच्या दिशेने लांबत चाललेल्या बघत होते. सावल्या विरघळल्या तेव्हा ग्लेनने टाळ्या वाजवल्या, मग मर्नाने, मग ऑर्विलने. डॉरीननेही वाजवल्या.

४

सकाळी कॉफीचा कप ओट्यावर घसरला. पडला नाही, हळूहळू चालत गेल्यासारखा मागच्या बाजूला सरकला आणि पावाच्या पेटीला टेकून थांबला. डॉरीन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ओट्याच्या कडेला लावलेली पाणसळ पाहिली. आतला बुडबुडा पुढच्या टोकाला जाऊन चिकटला होता. काल तो मधोमध होता. तिने स्वतः फळ्या घालून गाडी सपाट केली होती, चाकांना पाचरी लावल्या होत्या.

दार उघडून पाय टाकला तर पायरी उंच वाटली. पाचरी जिथे लावल्या होत्या तिथेच होत्या. फक्त आता त्या पुढच्या चाकांच्याही पुढे वाळूत पडल्या होत्या, आणि त्यांच्यापासून चाकांपर्यंत वाळूवर दाबलेला पट्टा होता. काल गाडीच्या पोटाखाली असलेली दगडांची रांग आज नाकासमोर होती.

वाळू आहे, खचते. हँडब्रेक जुना झाला आहे. म्हातारी म्हातारी झाली आहे. डॉरीनने एकेक कारण उचलून पाहिलं. प्रत्येक कारण पुरेसं होतं, आणि तरी एकही पटत नव्हतं. हेही तिला लांबून कळलं, दुसऱ्या कुणाबद्दल कळावं तसं.

“सरकते थोडी,” ग्लेन म्हणाला. तो आपल्या गाडीच्या पायरीवर दाढी करत बसला होता, आरसा मांडीवर पालथा ठेवून. “आणि हँडब्रेक नको लावत जाऊस. उगीच पट्ट्या झिजतात.”

“आरसा पालथा ठेवून दाढी करतोस?”

“हाताला पाठ आहे.” त्याच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब होता.

मर्ना दोरीवर टॉवेल घालत होती. डॉरीन तिच्याजवळ गेली. “मर्ना, ते कोण आहे गं? खरं सांग.”

मर्नाने टॉवेलची घडी झटकली, चिमटा लावला, दुसरा लावला.

“मीसुद्धा आधी रोज पुढे आणायला लावायचे गाडी,” ती म्हणाली. “ग्लेनच्या मागे लागून. रोज सकाळी पुढे. आणि रोज आणताना आरशात बघायचं, तर ते उभं असायचंच. इतकं शांतपणे बोलवायचं, अगं. न चिडता.” तिने डॉरीनकडे पाहिलं. “मग एक दिवस वाटलं, पुढे घेऊन तरी जायचं कुठे?”

“घरी.”

“तिथे कोण बोलवतं तुला?”

कोरीन बोलवते, असं डॉरीनच्या ओठांवर आलं. पण ते वाक्य आत शोधायला गेली तर ते जिथे असायला हवं तिथे बधिर गाल होता.

५

दुपारी सगळे झोपले तेव्हा ती गाड्यांच्या मागे गेली. का गेली हे तिला सांगता आलं नसतं. बघायचं म्हणून गेली.

ऑर्विलच्या गाडीची मागची चाकं घळीच्या अगदी ओठावर होती. गाडीचा झोपायच्या खोलीचा भाग बाहेर अधांतरी आला होता आणि खिडकीला आतून गोधडी लावलेली होती. चाकाखालची माती बारीक बारीक सुटत होती. कान दिला तर तिचा आवाज येत होता, रवा चाळल्यासारखा.

डॉरीनने वाकून खाली पाहिलं. इतकी वर्षं ही घळ म्हणजे दगडगोटे आणि वाळक्या काटक्या. आता तळ झाडून काढल्यासारखा साफ होता. तिथे दगडांच्या चौकटी मांडलेल्या होत्या, वरच्यासारख्याच, गाडीगाडीच्या मापाच्या. एकीच्या तोंडाशी रंगवलेला दगड होता. इथे प्रत्येक जण आपल्या चौकटीला नावाचा दगड रंगवून ठेवतो. हा निळा होता. रेने कुंपणाचा उरलेला रंग वापरून स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: रे आणि डॉरीन, मूस जॉ.

तो वर असायला हवा होता. आल्यापासून आपण तो शोधला कसा नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

चौकटीत वाळू ओली केल्यासारखी सपाट होती. त्यावर पावलं नव्हती. तिथे सावली होती. भर दुपारच्या उन्हात ती सावली थंड आणि चांगली वाटत होती, आणि डॉरीन बराच वेळ, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ, काठावर उभी राहिली.

खिशातला फोन वाजला. ती दचकून मागे सरली, आणि जिथे ती उभी होती तिथली माती ढासळून खाली गेली.

“आई,” कोरीन म्हणाली, “आज पोटात लाथा मारतंय नुसतं. ऐकायचंय? थांब, फोन पोटाला लावते.”

कापडाची खसखस, मग शांतता. लाथा काही फोनवर ऐकू येत नाहीत. तरी डॉरीनने फोन कानाला घट्ट दाबून धरला.

“आलं ऐकू?”

“आलं,” डॉरीन म्हणाली.

६

त्या संध्याकाळीही ती त्यांच्यात बसली. निरोप न घेता जायचं बरं दिसलं नसतं.

“उद्या निघते म्हणते,” ती म्हणाली.

“आत्ताच तर आलीस,” ग्लेन म्हणाला. “तो जॅम तरी संपू दे.”

“तो तू आजच संपवशील,” मर्ना म्हणाली. दोघंही डॉरीनकडे न बघता बोलत होते.

“तुम्ही पण चला. ऑर्विल, तुझी चाकं…”

“माहीत आहे,” ऑर्विल म्हणाला. एकेकाळी वर्गातल्या पोरांना म्हणत असेल तशा मऊ आवाजात. “बस. वेळ झाली.”

ऊन तिरपं झालं. पाठीला सूर्याची ऊब, पुढे सावल्या. ग्लेनची रुंद, मर्नाची बारीक, ऑर्विलची एका बाजूला कललेली, स्वतःची. चारही बसलेल्या. त्या लांबत गेल्या, आणि त्यांच्या मधून, मागून, आणखी एक सावली पुढे यायला लागली. ती उभी होती. आधी हॅटचा काठ आला, मग खांदे, मग कोपरं. कोपरं हलत होती.

मर्ना कप दोन्ही हातांनी धरून बसली होती. सावलीची बोटं ग्लेनच्या बुटापर्यंत आली. त्याने पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले, जसं माणूस दुसऱ्याला जायला वाट देतो.

डॉरीन मागे वळली नाही. मान वळायला तयारच होत नव्हती. रेची आखडायची तशी.

टाळ्या झाल्या.

सकाळी उजाडताच तिने रेची टोपी डाव्या आरशावर चढवली आणि उजव्याला भांडी पुसायचं फडकं बांधलं. हात थंडीने वळत नव्हते. गाडी सुरू केली. आरशात कुणी दिसेनासं झालं की थांबायचं, हा नियम इतक्या वर्षांचा होता. पाय ब्रेकवरून उठेना. झाकलेल्या आरशाकडे ती बघत राहिली. टोपीमागे हात हलत असतील. कोरीन, ती मोठ्याने म्हणाली. कोरीन, कोरीन. आणि समोर बघत पाय उचलला.

चाकं क्षणभर जागीच फिरली. मग गाडी दगडांवरून, रिकाम्या चौकटीतून, झुडपांतून पुढे आली. मर्ना दारात उभी होती, गाऊनमध्ये. तिने हात हलवला नाही. पण डॉरीनच्या काचेकडे बघत तिने ओठांनी काहीतरी म्हटलं. ‘जा’ असेल. ‘थांब’ही असेल.

७

मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिने आरसे उघडले आणि टोपी परत डोक्यावर चढवली. मागे फक्त रस्ता. ती हसली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

तरी घरापर्यंत तिने एकदाही रिव्हर्स टाकला नाही. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशाच जागी थांबली. एका पेट्रोल पंपावर मागे घ्यावी लागली असती, तर तिथून न भरताच निघाली. वाटेत तिने मर्नाला फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला. मर्नाचा आवाज खोल येत होता, विहिरीतून बोलल्यासारखा, पण आनंदी.

“सगळं ठीक ना गं?” डॉरीनने विचारलं.

“अगदी. आता छान सावली आहे इथे,” मर्ना म्हणाली. “तुझी जागा ठेवलीये हं.”

त्यानंतर डॉरीनने फोन केला नाही.

८

मूस जॉमध्ये बर्फ पडून गेला होता. कोरीनच्या घरासमोर रस्त्यावरच तिने गाडी उभी केली, नाक पुढे. तारस कोट चढवत बाहेर आला.

“आई, इतक्या लवकर? वाळवंटात थंडी वाजली की काय?”

“वाजली.”

“किल्ल्या द्या. मी आत घेतो. रस्त्यावर ठेवली तर बर्फ काढणारे उचलून नेतील.”

“असू दे इथेच.”

“तुम्ही आत जाऊन चहा घ्या हो. चेहरा बघा किती उतरलाय.” त्याने तिच्या हातातून किल्ल्या काढून घेतल्यासुद्धा. तिच्या हाताला पकड नव्हती.

आत स्वयंपाकघर गरम होतं. केटली नुकतीच उकळली होती. डॉरीनने बूट काढले, कपात पाणी ओतलं. बाहेर गाडीची टिंग टिंग सुरू झाली. खिडकीतून घराच्या बाजूची वाट दिसायची. म्हातारीचं ढुंगण हळूहळू त्या वाटेने गॅरेजच्या दिशेने आत येत होतं, मग तिची लांब कूस, मग तारसची खिडकी. तारस आरशात बघत होता. चेहरा निवांत. त्याने आरशाकडे बघून मान हलवली आणि हात वर केला. मागे उभं राहून मदत करणाऱ्याचे आभार मानावेत तसा.

“कोरीन?” डॉरीनने हाक मारली.

घरातून उत्तर आलं नाही. मागच्या दाराशी कोरीनचे बूट नव्हते. तिथे नेहमी टेकवून ठेवलेलं बर्फाचं फावडंही नव्हतं.

कप कुठे ठेवला ते तिला नंतर आठवलं नाही. ती मोज्यांवरच बाहेर धावली. तारसच्या खिडकीसमोरून जाताना दोन्ही हात हलवले, ओरडली. त्याने पाहिलं नाही. आरशात कुणी दिसत असलं की माणूस दुसरीकडे बघत नाही. भिंत आणि गाडी यांच्या फटीतून ती अंग चोरून मागे गेली. गॅरेजच्या दारापुढे कोरीन पाठमोरी वाकून बर्फ ओढत होती, कानटोपी डोक्यावर, कानात गाणी. गाडीची मागची बाजू तिच्यापासून हाताभर होती.

डॉरीन दोघांच्या मधे शिरली. गाडीकडे तोंड केलं, कडेला झुकून आरशात तारसचे डोळे शोधले आणि डोक्यावरची टोपी काढून उंच धरली.

गाडी तिच्या छातीला लागली आणि थांबली.

कोरीनने मागे वळून पाहिलं, कानातले इअरफोन काढले. “अगं आई, हे काय, पायात काही नाही तुझ्या…” मग तिला गाडी दिसली, गाडी आणि आई यांच्यात न उरलेली जागा दिसली, आणि तिने फावडं सोडून दिलं.

“बाजूने आत जा,” डॉरीन म्हणाली. “माझ्या मागे बघू नकोस. जा.”

कोरीन एका हाताने पोट धरून गेली. दार लागल्याचा आवाज आला. तारसने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो पांढरा पडला होता.

“कोरीन होती मागे? देवा. मला कसं दिसलं नाही? पण आई, तुम्हीच तर मघापासून बोलवत होतात. येऊ दे, येऊ दे करत.” तो तिच्याकडे नीट बघायला लागला. “आणि ते नारिंगी जाकीट कुठे काढलंत?”

डॉरीनचे तळवे बर्फावर जळत होते. कान जळत होते. गाडी लागली तिथे छाती ठणकत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा सगळं दुखत होतं, आणि सगळं तिचंच होतं.

“पुढे घे,” ती म्हणाली. “परत रस्त्यावर ने. आरशात बघू नकोस. समोर बघ.”

गाडी पुढे सरकली. तिच्या आणि गाडीच्या मधे पांढरी जमीन वाढत गेली. मागे गॅरेजचं बंद दार होतं आणि दारापुढे कोरीनने अर्धवट काढलेला बर्फ. तिथे तो बर्फ एकदा कुरकुरला. खूप वेळ उभं राहिलेल्या माणसाने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा, तसा. मग कापडाची खसखस, सावकाश, पुन्हा पुन्हा.

मर्ना, ग्लेन, ऑर्विल घळीकडे पाठ करून का बसायचे ते तिला कळलं. तिने मागे पाहिलं नाही. टोपी तशीच उंच धरून ती उभी राहिली.

“आई,” वाटेच्या तोंडाशी पोचलेल्या तारसने ओरडून विचारलं, “बास?”

“नाही,” डॉरीन म्हणाली. “अजून पुढे.”